विश्लेषण : सामना जिंकायचा की खेळाडू घडवायच्या? अमेरिकेत मुलींच्या फुटबॉलमधील वाद काय?

मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात ११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरमध्ये अमेरिकेने यजमान भारताचा ८-० असा धुव्वा उडवला. दहा दिवसांनी नवी मुंबईत हाच संघ नायजेरियाकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरून बाहेर पडला. महिला विश्वचषक चार वेळा जिंकणाऱ्या अमेरिकेला हा कुमारी गटाचा चषक मात्र अजून एकदाही जिंकता आलेला नाही. त्यामुळे तिथे जुनाच प्रश्न पुन्हा विचारला जातो : आपण संघ जिंकवतो की खेळाडू घडवतो?

दोन गट कसे पडले?

अमेरिकेतील आघाडीच्या क्लबांनी २००९ मध्ये मुलींसाठी ‘ईसीएनएल’ ही लीग सुरू केली. देशाच्या फुटबॉल महासंघाने २०१७ मध्ये मुलींसाठी स्वतःची ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ आणली. सामने मोजके, सराव जास्त, हे तिचे सूत्र. प्रत्येक मुलीला किमान २५ टक्के सामन्यांत सुरुवातीपासून खेळवण्याची अट होती. बाहेर गेलेली खेळाडू त्याच सामन्यात परत येऊ शकत नसे.

मग ती बंद का पडली?

कळीचा मुद्दा शाळेचा होता. अकॅडमीतील मुलींना शाळेच्या संघातून खेळण्यास मनाई होती. ‘ईसीएनएल’मध्ये ती मुभा होती. शाळेचा संघ म्हणजे मैत्रिणी, गावाचे कौतुक आणि ओळख. अनेक मुलींना ते सोडायचे नव्हते. काही मोठे क्लबही ‘ईसीएनएल’कडे परतले. अखेर करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये महासंघाने आर्थिक कारण देत अकॅडमी गुंडाळली.

जिंकण्याचे दडपण कुठून येते?

क्लबचे शुल्क पालक भरतात आणि बहुतेकांचे लक्ष महाविद्यालयीन शिष्यवृत्तीवर असते. संघ वरच्या गटात असला की महाविद्यालयांचे प्रशिक्षक सामने पाहायला येतात. संघ हरू लागला की पालक क्लब बदलतात. मग प्रशिक्षक लवकर उंच झालेल्या, वेगवान मुली निवडतो आणि चेंडू लांब मारून त्यांना पळवतो. तेराव्या वर्षी हे डावपेच जिंकून देतात. सतराव्या वर्षी इतर मुली उंची-वेगात बरोबरी करतात, तेव्हा चेंडूवरचे नियंत्रण आणि खेळाची समज उपयोगी पडते.

शरीरावर परिणाम?

गुडघ्यातील ‘एसीएल’ अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना अधिक असतो. एकाच आठवड्याअखेरीस लागोपाठ सामने खेळवणाऱ्या स्पर्धांमध्ये विश्रांतीला वाव उरत नाही. गुणतक्त्यात मात्र याची नोंद होत नाही.

मग स्पर्धा नकोच का?

तसे नाही. चुरस नसेल तर दबावाखाली निर्णय घेणे शिकता येत नाही. प्रश्न आहे तो प्रशिक्षकाचे यश कशावर मोजायचे, याचा. चषकांवर मोजले, तर राखीव बाकावरची मुलगी बाकावरच राहते.

पालकांनी काय पाहावे?

क्लबने किती चषक जिंकले, यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. मुलीला सामन्यात किती मिनिटे मिळतात? ती वेगवेगळ्या जागी खेळते का? चूक झाल्यावर तिला समजावतात की लगेच बाहेर काढतात? आपल्याकडच्या अकादमीत मुलीचे नाव घालतानाही हे प्रश्न तितकेच लागू पडतात.