गोदाकाठी खाऱ्या पाण्याची टाकी

गंगाखेडात प्रवाळांची टाकी ठेवायची तर समुद्र घरीच कालवावा लागतो: लिटरमागे साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ. स्वयंपाकाचं चालत नाही. प्रवाळाला कॅल्शियम-मॅग्नेशियमही लागतं. पाणी आरओचं, टीडीएस शून्याजवळ. बोअरच्या पाण्यात नायट्रेट असेल तर शेवाळाचं फावतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. टाकीची पातळी रोज उतरते, पण उडतं ते पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच. नवखे नेमकं इथेच खारं पाणी ओततात आणि खारटपणा चढत जातो. काचेवर खूण करावी, रोज तिथवर भरावं. तापमान 25-26 अंश ठेवावं. बराच काळ 30च्या वर गेलं, तर प्रवाळ अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. चिलर हवाच, शिवाय वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअरपंप.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की बरंचसं निभावतं.

विक्रेता काहीही सांगो, दगडी प्रवाळ आणि समुद्री पंखे 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वरचं सगळं मऊ प्रवाळांपुरतं, तेही कागदपत्रं पाहूनच.