मोटारसायकल, प्रवासी : नित्य देखभाल

दूर पल्ल्याच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलीची तपासणी, स्वच्छता, वंगणक्रिया, जुळणी आणि झिजलेल्या भागांची बदली ही कामे ठराविक अंतराने करीत राहणे म्हणजे तिची नित्य देखभाल होय. बिघाड झाल्यावर करावयाच्या दुरुस्तीहून ती वेगळी आहे. बिघाड होऊच नये, निदान तो निर्जन रस्त्यावर होऊ नये, हा तिचा उद्देश असतो. चारचाकी वाहनाचा एखादा टायर निकामी झाला, तरी ते उरलेल्या चाकांवर उभे राहते. मोटारसायकलीचा तोल मात्र सु. तळहाताएवढ्या दोन स्पर्शक्षेत्रांवर अवलंबून असतो. त्यामुळे तिच्या देखभालीचा संबंध सोयीपेक्षा जीविताशी अधिक आहे.

बहुतेक बिघाड अकस्मात उद्‌भवल्यासारखे वाटले, तरी त्यांची पूर्वसूचना मिळालेली असते. केबल तुटण्यापूर्वी तिच्या तारा एकेक करून उसवतात. साखळी दगा देण्यापूर्वी लांबते. ब्रेकचे अस्तर संपण्यापूर्वी ब्रेकच्या दांडीची चाल बदलते. या खुणा सूक्ष्म असतात व त्या ओळखण्यास गाडीची नेहमीची स्थिती ठाऊक असावी लागते. कारागीर कितीही कुशल असला, तरी त्याच्यासमोर गाडी वर्षातून दोन-चार वेळाच येते. चालकाच्या हाताखाली ती रोज असते. मालकाने स्वतः देखभाल करण्याचा मुख्य लाभ खर्चातील बचत हा नसून हा परिचय हा आहे.

इतिहास : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत १८८५ मध्ये पेट्रोल एंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक मोटारसायकलींत एंजिनाला लागणारे तेल चालकाला चालता चालता हातपंपाने सोडावे लागे. म्हणजे देखभाल हा वाहन चालविण्याचाच एक भाग होता. पुढे यांत्रिक तेलपंप आल्यावर ती ठराविक मुदतीचे काम बनली.

भारतात १९५५ मध्ये मद्रास (सध्याचे चेन्नई) येथे इंग्लंडमधील रॉयल एनफील्ड कंपनीच्या सहकार्याने बुलेट या मोटारसायकलीची जोडणी सुरू झाली. तिच्या बिडाच्या सिलिंडराच्या एंजिनाची मूळ रचना सु. अर्धशतक टिकून राहिली. प्रज्वलन स्पर्शकांतील (पॉइंटांतील) फट ०·३५ ते ०·४० मिमी. ठेवणे आणि एंजिन थंड असताना टॅपेटचे दांडे बोटांनी जेमतेम फिरतील, पण वरखाली हलणार नाहीत, असे जुळविणे ही कामे तिच्या अनेक मालकांच्या अंगवळणी पडली होती. पुढे स्पर्शकांची जागा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने घेतली. २००९ पासून आलेल्या, एंजिन व गिअरपेटी एकाच कवचात असलेल्या बुलेटमध्ये द्रवचलित टॅपेट आल्याने हाताने करावयाची ती जुळणीही उरली नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या भारत टप्पा ६ या उत्सर्जन मानकांमुळे नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपण रूढ झाले. याप्रमाणे काही कामे कमी झाली. टायर, ब्रेक, साखळी व तेल यांची निगा मात्र पूर्वीइतकीच आवश्यक आहे.

साधने : निर्मात्याची पुस्तिका, योग्य मापांचे पाने, पेचकस, पक्कड, फटमापक पट्ट्या (फीलर गेज), टायरचा दाबमापक आणि विशिष्ट जोराने बोल्ट आवळण्याचा टॉर्क पाना एवढी साधने पुरेशी होतात. एंजिनाची कवचे ॲल्युमिनियमाची असल्याने त्यांतील आटे जास्त जोर लावल्यास सहज निसटतात. म्हणून कोणताही बोल्ट वा प्लग प्रथम हाताने फिरवून आट्यांत नीट बसवावा व शेवटी पाना लावावा. गाडी मधल्या घोडीवर, सपाट व कठीण जागी उभी करावी. पुढे दिलेली मापे सर्वसाधारण आहेत. विशिष्ट गाडीसाठी पुस्तिकेतील मापच प्रमाण मानावे.

टायर व चाके : हवेचा दाब टायर थंड असताना मोजतात. तापमान १०° से.ने वाढल्यास दाब सु. ०·१ किग्रॅ./चौ. सेंमी.ने वाढतो, म्हणून तापलेल्या टायरातील हवा काढून दाब पुस्तिकेतील आकड्याशी जुळविल्यास थंड झाल्यावर तो कमी भरतो. सामान व मागे बसणारी व्यक्ती असल्यास मागील टायरात निर्मात्याने सांगितलेला वाढीव दाब ठेवतात. नक्षीच्या खाचांमधील झीजदर्शक उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले की टायर बदलावा. खाचा खोल दिसत असूनही बाजूस भेगा पडलेला जुना टायर धोक्याचा असतो. तारांच्या चाकातील प्रत्येक आरा पान्याने हलकेच वाजवून पाहतात. घट्ट आऱ्याचा आवाज खणखणीत, तर सैल आऱ्याचा बद्द येतो.

ब्रेक : तबकडी ब्रेकच्या गाद्यांच्या अस्तराची जाडी सु. १ मिमी. होण्यापूर्वी त्या बदलाव्यात. ब्रेकचा ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, ३·७% पाणी मिसळल्यावर मात्र ही किमान मर्यादा १५५° से. इतकीच आहे. वरंध किंवा आंबेनळी यांसारखा लांब घाट केवळ ब्रेकवर उतरल्यास तबकडी तापून असा जुना द्रव उकळू शकतो. द्रव दाबला जात नाही, पण त्याची वाफ दाबली जाते. परिणामी ब्रेकची दांडी मुठीपर्यंत येते आणि गाडी थांबत नाही. म्हणून वरकरणी स्वच्छ दिसणारा द्रवही सु. दोन वर्षांनी बदलतात आणि उतारावर खालचा गिअर ठेवून एंजिनाच्या रोधाचा उपयोग करतात. हा द्रव रंगावर सांडल्यास रंग उडतो. तो लगेच पाण्याने धुवावा. तबकडीस वा अस्तरास तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये.

साखळी : साखळी लांबते असे म्हणतात, तेव्हा तिचे पोलाद ताणले गेलेले नसते, प्रत्येक सांध्यातील खीळ व तिच्यावरील नळी झिजून थोडी फट पडते व या फटींची बेरीज लांबीच्या रूपाने दिसते. खिळींमधील अंतर १५·८७५ मिमी. असलेल्या नव्या साखळीत २० कड्यांची लांबी ३१७·५ मिमी. भरते; ती सु. २ टक्क्यांनी वाढून ३२४ मिमी.च्या जवळ आली की साखळी दातेरी चक्रांसह बदलावी. जुन्या चक्रांवर चढविलेली नवी साखळी लवकर झिजते. खालच्या बाजूची सैल चाल सामान्यतः २५ ते ३५ मिमी. ठेवतात. साखळी सर्वत्र सारखी झिजत नसल्याने चाक फिरवून, जेथे ती सर्वांत ताठ असेल तेथे हे माप घ्यावे. अतिताठ साखळी गिअरपेटीच्या धारव्यांवर (बेअरिंगांवर) भार टाकते. म्हणून ती थोडी सैल असणे एक वेळ परवडते. रबरी कड्यांच्या साखळीत आतले ग्रीस कायमचे बंदिस्त असते. ती रॉकेल व मऊ ब्रशने साफ करावी, पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरू नये. वंगण दिवसाच्या प्रवासानंतर, साखळी कोमट असताना, आतील बाजूने देतात. कोकणातील पावसाळ्यात ते रोज द्यावे लागते. हे काम करताना एंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवावे. चालू एंजिनावर साखळी पुसताना बोटे तुटण्याचा धोका असतो.

तेल व गाळण्या : बहुतेक मोटारसायकलींत एकच तेल एंजिन, गिअरपेटी व क्लच या तिन्हींना पुरविले जाते. मोटारगाडीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे असा तेलातला क्लच घसरू लागतो. म्हणून जासो या जपानी मानकाचे एमए चिन्ह असलेले तेल वापरतात. तेल कोमट असताना काढल्यास गाळ त्याबरोबर निघून येतो. निचरा-बोल्टास चिकटलेली बारीक काजळी ही सामान्य झीज समजावी. धातूचे कपचे आढळल्यास एंजिन उघडून पाहावे लागते. तेलाची पातळी गाडी सरळ उभी करून तपासावी. रस्त्यावरील धूळ बव्हंशी वाळूच्या कणांची असल्याने फाटकी हवा-गाळणी सिलिंडर व दट्ट्या यांची झपाट्याने झीज घडवून आणते.

प्रज्वलन व झडपा : ठिणगी-गुडदीचे (प्लगचे) टोक तपकिरी असल्यास ज्वलन योग्य, काजळीने काळे असल्यास मिश्रणात पेट्रोल जास्त आणि पांढरे व फोडाळलेले असल्यास तापमान अति असे अनुमान काढतात. स्थळाचाही विचार करावा लागतो. लडाखमधील खारदुंग ला (सु. ५,३६० मी.) येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत तेथे प्लग काळा पडणे हा दोष नसून विरळ हवेचा परिणाम होय. झडपांची फट एंजिन पूर्ण थंड असताना व दट्ट्या संपीडन धावेच्या माथ्यावर असताना मोजतात. टॅपेटचा थोडा आवाज त्रासदायक असला, तरी निरुपद्रवी असतो. फटच न उरल्यास मात्र झडप पुरती मिटत नाही, तिची उष्णता सिलिंडराच्या शीर्षात जात नाही व ती जळते.

प्रवासाची तयारी : लांबच्या प्रवासास निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर आधी देखभाल करून १०० किमी. तरी गाडी चालवून पाहावी. म्हणजे जुळणीतील चूक घराजवळच उघड होते. सोबत प्लग, फ्यूज, साखळीचा जोड, पंक्चरचे साहित्य व क्लचची केबल न्यावी. नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओढून ठेवल्यास ती रस्त्यावर अल्पावधीत जोडता येते. प्रत्येक काम केल्याचा दिनांक व किमी. वहीत नोंदवावेत. पूर्वीपेक्षा तेल अधिक लागते आहे, साखळी लवकर सैल होते आहे, हे स्मरणापेक्षा नोंदींवरून निश्चित कळते.

मर्यादा : ब्रेक-रोध प्रतिबंधक यंत्रणा (एबीएस), पुढील काट्याचे आतील भाग, चाकाचा आंबा काढणे, भुजादंड व गिअरपेटी ही कामे विशेष उपकरणांशिवाय करू नयेत. ब्रेकसारख्या भागास हात लावल्यावर गाडी रहदारीत नेण्यापूर्वी ती मोकळ्या जागी मंद गतीने चालवून, पुढचा व मागचा ब्रेक वेगवेगळा लावून पाहणे आवश्यक असते. जे काम पूर्ण झाल्याची खात्री स्वतःस करून घेता येत नाही, ते अनुभवी कारागिराकडे सोपविणे हाही योग्य देखभालीचाच भाग होय.