२५ तासांचा दिवस : भर समुद्रात घड्याळ कोण लावतं?

आजचा भाग थोडा पाण्यातला आहे. क्रूझ म्हटलं की आपल्या डोक्यात बंदरं आणि फोटो येतात. पण जहाज कुठेच थांबत नाही, चारी बाजूंना फक्त पाणी, अशा दिवसांना ‘सी डे’ म्हणतात. मी गेल्या मे महिन्यात ‘क्वीन मेरी २’ वरून साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला गेलो. सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. म्हणजे सगळे सी डेच.

दिवसभर करायचं काय? अहो, भरपूर असतं. आदल्या संध्याकाळी खोलीत छापील कार्यक्रम येतो. व्याख्यानं, नाच शिकवणं, तारांगण (हो, जहाजात तारांगण!), दुपारी साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेल्या वेटर्सच्या हातचा चहा. सातव्या डेकवर तीन फेऱ्या मारल्या की पावणेदोन किलोमीटरच्या आसपास चालणं होतं. बरोबर दुपारी बाराला कॅप्टन स्पीकरवरून आपण कुठे आहोत, हवा कशी आहे ते सांगतो. न्यूफाउंडलंडजवळ दाट धुकं लागलं, तेव्हा दर दोन मिनिटांनी भोंगा. नियमच आहे तो. पहिला तासभर मजा वाटते, नंतर नाही.

पण मला खरी गंमत वाटली घड्याळाची. ब्रिटन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचा फरक. विमानात तो एका झटक्यात अंगावर येतो, जेट लॅग म्हणतो आपण. जहाजावर तो हप्त्याहप्त्याने मिळतो. पाच रात्री, पहाटे दोन वाजता, घड्याळ एक तास मागे. म्हणजे पाच दिवस चक्क २५ तासांचे! परतीच्या, पूर्वेकडच्या प्रवासात उलटं: भर दुपारी बाराचा एकदम एक वाजतो आणि दिवस २३ तासांचा होतो.

हे का, तर पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. जहाज दिवसाला साधारण ५०० सागरी मैल, म्हणजे सव्वानऊशे किलोमीटर पश्चिमेला सरकतं, त्यामुळे सूर्य रोज थोडा उशिरा डोक्यावर येतो. कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: आत सगळं यूटीसीमध्ये ठेवा, माणसाला दाखवताना लोकल टाइम दाखवा. जहाजाचं नेव्हिगेशनही यूटीसीवरच चालतं. ‘शिप टाइम’ हा फक्त जेवणाखाण्यासाठी केलेला करार.

तुमच्या फोनला मात्र हा करार माहीत नसतो. भर समुद्रात किनाऱ्यावरचा टॉवर कुठला? म्हणून ऑटोमॅटिक टाइम बंद करा आणि घड्याळ हाताने लावा. आणि एअरप्लेन मोड ठेवाच! नाहीतर फोन जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क पकडतो, आणि त्याचं रोमिंगचं बिल बघवत नाही. वायफाय वेगळं, ते सॅटेलाइटवरून येतं.

आता हाच तास दुसऱ्या बाजूने बघा. चहाच्या हॉलमध्ये एक वेटर दादा भेटले, सावंतवाडीचे. माझं मराठी ऐकून म्हणाले, “तुम्ही पुण्याचे काय?” मी विचारलं, “दादा, रोज एक तास जास्त मिळतो, मजा आहे ना तुमची?”

ते हसले. “जाताना बरं असतं, झोप मिळते. येताना तो तास दुपारचा जातो. लोक तेवढेच, जेवण तेवढंच, हातात वेळ कमी. पण खरा घोळ फोनचा.”

घोळ असा. त्यांची मुलगी सहा वर्षांची. साउदम्प्टन सोडलं तेव्हा जहाज भारतापेक्षा साडेचार तास मागे. चहाची ड्यूटी संपते पाचला, घरी रात्रीचे साडेनऊ. ती जागी असते, बोलते. मग फरक साडेपाच, साडेसहा करत न्यूयॉर्कला साडेनऊ तासांचा होतो. तेच संध्याकाळचे पाच, पण घरी रात्रीचे अडीच. त्यामुळे मधल्या दिवसांत ते कॉल सकाळच्या ब्रेकमध्ये नेतात: जहाजावर साडेदहा, घरी संध्याकाळ किंवा रात्रीचे आठ. न्यूयॉर्कहून निघालं की सगळं पुन्हा उलटं.

त्यांच्या खिशात एक छोटी वही होती. दर क्रॉसिंगचा तक्ता पेनाने आखलेला: तारीख, जहाजाची वेळ, घरची वेळ. मी म्हटलं, “दादा, याचं ॲप असतं की.” ते म्हणाले, “असेल. पण असाच एक कागद तिच्या आईने फ्रिजवर लावलाय. पोरगी रोज एक खूण करते.”

पुढच्या भागात जहाजावर पिण्याचं पाणी कसं बनतं ते बघू. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा.