'अजून डेटा लागेल' म्हणालो आणि नोकरी गेली: लॅबमधून कन्सल्टिंगकडे

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "सायन्स करून कन्सल्टिंगमध्ये जाता येतं का?" येतं. मी गेलोय. पण पहिल्या मुलाखतीत सपशेल आपटलो होतो, तर सुरुवात तिथूनच करू.

रसायनशास्त्रात पीएचडी, आयुष्याची साडेपाच वर्षं. मुलाखतीत केस मिळाली: एका पेंट कंपनीचा नफा घटतोय, का? मी वीस मिनिटं शक्यता मांडल्या. शेवटी मॅडमनी विचारलं, "मग क्लायंटला उद्या सकाळी काय सांगाल?" मी म्हणालो, "अजून डेटा लागेल." झालं! विषय संपला.

लॅबमध्ये हेच उत्तर प्रामाणिक असतं. कन्सल्टिंगमध्ये मात्र क्लायंटला निर्णय थांबवता येत नाही. आहे त्या माहितीवर बोलायचं, आणि कुठलं गृहीतक चुकलं तर उत्तर बदलेल, तेही सांगायचं. गंमत म्हणजे हे आपल्याला परकं नाही. १९४५ च्या ट्रिनिटी अणुचाचणीत फर्मीने कागदाचे कपटे सोडले, ते धक्क्याने किती लांब उडाले ते पाहिलं आणि स्फोटाच्या ताकदीचा अंदाज बांधला. अचूक नव्हता, पण कामाचा होता.

मुलाखतीत असंच विचारतात. समजा प्रश्न आला, "पुण्यात रोज किती वडापाव खपतात?" लोकसंख्या ५० लाख धरा. दहातला एक जण रोज एक खातो, म्हणजे ५ लाख. आता उलट बाजूने तपासा: एक गाडी दिवसाला ३०० विकत असेल, तर साधारण १,७०० गाड्या लागतील. पटतंय का? नसेल, तर कुठलं गृहीतक हललं पाहिजे? त्यांना आकडा नको असतो, तुमची ही तपासणी बघायची असते.

दुसरी सवय मोडायला जास्त त्रास झाला. पेपरमध्ये आपण पार्श्वभूमी, पद्धत, निकाल आणि मग निष्कर्ष लिहितो. इथे निष्कर्ष आधी, कारणं नंतर. मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांची 'पिरॅमिड' पद्धत ती हीच. मी घरी आईला फोनवर सांगून सराव केला. "मुद्द्याचं बोल" असं ती लहानपणापासून म्हणतच होती!

बाबांना मात्र पटलं नव्हतं. "एवढं शिकून दुसऱ्यांच्या धंद्याचे सल्ले देणार?" मी त्यांना आर्थर डी. लिटलबद्दल सांगितलं. १८८६ मध्ये बॉस्टनमध्ये या केमिस्टने सुरू केलेली फर्म आज जगातल्या सर्वांत जुन्या कन्सल्टिंग कंपन्यांमध्ये गणली जाते. म्हणजे या धंद्याच्या मुळाशीच एक लॅबवाला आहे.

आता खरं सांगतो, किंमतही मोजावी लागते. एका रेणूवर वर्षभर विचार करायची चैन संपते. तीन महिन्यांत सिमेंट, मग औषधं, मग बँक. काही रात्री लॅबचा वास आठवतो. ज्यांना एकाच प्रश्नात खोल उतरायला आवडतं, त्यांनी नुसत्या पगाराकडे बघून येऊ नये.

जायचंच असेल, तर आज एक काम करा. तुमचा थीसिस तीन वाक्यांत सांगा, पहिलं वाक्य निष्कर्षाचं. विज्ञान न शिकलेल्या माणसाला कळलं, की तयारी सुरू झाली समजा. भेटू पुढच्या भागात!