काच आणि छायाचित्र यांत अंतर हवे

शाळेच्या प्रदर्शनासाठी जुनी छायाचित्रे फ्रेममध्ये बसवताना आपण चित्र थेट काचेला टेकवतो, मागे पुठ्ठा लावतो आणि चुका ठोकतो. काही पावसाळ्यांनंतर फ्रेम उघडावी, तर चित्र काचेला चिकटलेले! ओढले की चेहऱ्यांचे तुकडे काचेवरच राहतात. असे का होते?

कृष्णधवल छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. चित्र घडवणारे चांदीचे सूक्ष्म कण या थरातच असतात. दमट हवेत जिलेटिन पाणी शोषून फुगते, मऊ होते आणि काचेला चिकटून वाळते. यात नवल नाही. सुतारांचा सरसही मुळात जिलेटिनच!

म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये खिडकीसारखा कापलेला जाड कागद, म्हणजे माउंट, घालतात. तो शोभेपुरता नसतो. त्याच्या जाडीइतकी हवेची फट चित्राला काचेपासून दूर ठेवते. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित असावा. साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे कागद पिवळा व ठिसूळ होतो. चित्र डिंकाने न चिकटवता कागदी कोपऱ्यांत अडकवावे. म्हणजे हवामानानुसार ते मोकळेपणाने प्रसरण-आकुंचन पावते.

आधीच चिकटलेले चित्र मात्र ओढू नका. काचेसकटच त्याचे छायाचित्र घेऊन ठेवा.

वर्गात करून पाहा: पाण्यात चिमूटभर जिलेटिन भिजवून कोमट करा. त्याचा थेंब दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून वाळू द्या. काही दिवसांनी पट्ट्या सहज सुटतात का?