पत्रकाच्या कोपऱ्यातला चौकोन

दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्राच्या घडीतून पत्रकं गळू लागतात. फराळाची, सोफ्याची, क्लासची. आता त्यांतल्या बहुतेकांच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतोच. छापलेला कागद आणि दुकानाची वेबसाइट यांची गाठ घालून देणारा हा क्यूआर कोड.

जाहिरातीसाठी काही तो जन्मला नाही. जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी घडवला. साध्या बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावत. या चौकोनात सात हजारांवर अंक बसतात. अडचण वेगळीच होती. भोवतालच्या छपाईच्या गर्दीत यंत्राला हा चौकोन चटकन सापडणार कसा? मग जाहिरातपत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी असलं छापील साहित्य घेऊन त्यातल्या काळ्या-पांढऱ्या भागांची प्रमाणं तपासली गेली. सर्वांत क्वचित आढळणारं प्रमाण निघालं १:१:३:१:१. तीन कोपऱ्यांतले ठसठशीत चौकोन त्याच मापाचे आहेत, म्हणून मोबाइल आडवा धरा की तिरका, कोड ओळखला जातो. छपाईचा एवढा कसून अभ्यास आपल्याकडच्या किती जाहिरातवाल्यांनी केला असेल, कोण जाणे!

पेटंट असूनही कंपनीने वापरणाऱ्यांकडे पैसे मागितले नाहीत, त्यामुळे कोड जगभर पसरला. आपल्याकडे लोकांचा हात बसवला तो भाजीच्या गाडीवरच्या यूपीआयच्या स्टिकरने.

छपाईत मात्र त्याचे नखरे आहेत. वेबसाइटचा पत्ता जितका लांब, तितके ठिपके बारीक आणि दाट. व्हिजिटिंग कार्डावर ते एकमेकांत मिसळतात. भोवती चार ठिपक्यांएवढी कोरी जागा लागते, आणि डिझाइन करणारा नेमकी तीच वेलबुट्टीने भरून टाकतो. दुरुस्तीची सोय सर्वांत वरच्या पातळीची ठेवली, तर कोडाचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. मधोमध बोधचिन्ह बसवायची चैन परवडते ती याच जोरावर. चकचकीत लॅमिनेशनवर दिवा पडला, की कॅमेरा चाचपडतो.

पण खरी हेळसांड होते ती कोडाच्या पलीकडे. चकलीचा भाव पत्रकावर छापला की छापला. साइटवर तो सकाळी बदलता येतो. तरी कोड उघडावा, तर मागच्या वर्षीचं दरपत्रक किंवा नुसतं मुखपृष्ठ समोर येतं. पत्रक ज्या मालाचं, त्याच मालाचं पान उघडायला हवं. काही जण भाड्याच्या सेवेतून कोड बनवून घेतात. वर्गणी थकली, की वाटलेली सगळी पत्रकं मुकी होतात. त्यापेक्षा स्वतःच्या डोमेनवरचा आटोपशीर पत्ता घ्यावा आणि कोडाखाली तो अक्षरांतही छापावा. वर्तमानपत्रातल्या पत्रकाला एक पत्ता आणि मिठाईच्या खोक्याला दुसरा दिला, तर कोणत्या कागदावरून किती जण साइटवर आले तेही दिसतं. पुढच्या दिवाळीला छापखान्यात किती प्रती सांगायच्या, ते मग अंदाजाने ठरवावं लागत नाही.