फेअरव्ह्यूच्या टाक्या

दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत सोनं आहे, पण ते सहजी हाती लागत नाही. त्याचे सूक्ष्म कण सोनमाखी आणि आर्सेनोपायराइट या गंधकयुक्त खनिजांच्या पोटात अडकलेले. दगड कितीही दळला तरी सोनं विरघळवणारं सायनाइडचं द्रावण तिथवर पोचत नाही. म्हणून पूर्वी हे खनिज भट्टीत भाजत. सोनं सुटे, पण धुराबरोबर गंधकाचा वायू आणि सोमलही बाहेर पडे. १९८६ साली इथं टाक्या उभ्या राहिल्या आणि भट्टीचं काम जिवाणूंकडे आलं.

हे जिवाणू नवे नव्हेत. अमेरिकेतल्या कोळसा खाणींतून झिरपणाऱ्या आंबट, तांबूस पाण्यात कोल्मर आणि हिंकल या संशोधकांनी १९४७ मध्ये त्यांचा छडा लावला. ओढेनाले नासवणारे त्याच प्रकारचे जीव इथं पगाराविना कामाला लावले आहेत.

टाकीत खनिजाची पूड आणि पाणी यांची रबडी सतत घुसळत असते. खालून हवा सोडलेली. जिवाणू सोन्याला तोंड लावत नाहीत. पाण्यात विरघळलेल्या फेरस लोहाचं ते ऑक्सिडीकरण करतात, त्यातून ऊर्जा मिळवतात आणि शरीरासाठीचा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. असं तयार झालेलं फेरिक लोह खनिजावर तुटून पडतं, पुन्हा फेरस होतं, जिवाणू ते पुन्हा फेरिक करतात. सुटलेल्या गंधकाचं आम्ल होतं. ते त्यांना मानवतंच. टाकीचा पीएच दीडच्या आसपास असतो.

आम्ल पचवणारी ही मंडळी इतर बाबतींत मात्र भलतीच नाजूक. या प्रक्रियेत एवढी उष्णता निघते की वेटोळ्या नळ्यांतून थंड पाणी खेळवून तापमान ४० अंशांच्या आसपास धरावं लागतं. पुढच्या विभागातलं सायनाइडचं पाणी चुकून मागे आलं, तर सगळी वसाहत मरते. भट्टीची अशी मर्जी राखावी लागत नसे. शिवाय इथं चार ते सहा दिवस थांबायचं, मगच सायनाइडची पाळी.

तरी माझा कौल टाक्यांनाच. पण त्यांना निर्मळ म्हणणं जरा जास्तच होईल. आर्सेनिक नाहीसं होत नाही, द्रावणात उतरतं. त्यात चुनखडी घालून ते लोहाबरोबर साक्याच्या रूपात खाली बसवतात. हा साका टिकाऊ व्हावा म्हणून लोहाचे अणू आर्सेनिकच्या किमान तिप्पट ठेवतात. मग तो गाळाच्या तलावात जातो, आणि सोनं विकून झाल्यावरही त्या तलावाची राखण चालूच राहते.